नक्कल करताना झालेली चूक

रविवार, ३ ऑगस्ट

आज माझ्या सख्ख्या भावाने भर उपासनेत माझी धिंड काढली. नाव न घेता. नाव घेतलं असतं तर निदान उभं राहून उत्तर तरी देता आलं असतं.

धाकटा आमच्या मंडळीचा पाळक, म्हणजे पाद्री, आहे आणि मी गीतांना बाजाची पेटी वाजवते. चर्च आणि शाळा एकाच कुंपणात आहेत. शाळा मंडळीचीच, आणि तिथे मी नववी-दहावीला जीवशास्त्र शिकवते. त्यामुळे धाकटा म्हणाला, "आपल्याच शाळेत, भिंतीपलीकडे, आपल्या लेकरांना सांगितलं जातंय की तुम्हांला कुणी घडवलं नाही. तुम्ही चुकांमधून आलात. चुकांमधून!" तेव्हा अख्खी मंडळी एकजात वळून बाज्याकडे बघायला लागली. दुसऱ्यांदा 'चुकांमधून' म्हणताना त्याचा आवाज फाटला. पुढच्या रांगेतल्या बायकांना वाटलं, आत्म्याने भरलाय. मला वाटलं, घसा बसलाय. बरंच झालं म्हटलं.

संदेशानंतरचं गीत नेमकं सृष्टीचं होतं. मी ते इतक्या वेगात वाजवलं की म्हातारी माणसं दुसऱ्या कडव्यातच धापा टाकायला लागली.

घरी आल्यावर आईला विचारलं, "ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"मग काही बोलणार आहेस की नाही तुझ्या लाडक्याला?"

आई चप्पल काढत म्हणाली, "त्याची कॉलर बघितलीस? किती सैल झालीय. मान कशी काडीसारखी दिसत होती." म्हणजे माझी अब्रू गेली ती गेली आणि हिचं लक्ष कॉलरच्या मापावर.

मी देवाला मानते. लहानपणापासून मानते, सवयीने नाही, मनापासून. सहा दिवसांत केलं की साडेतीन अब्ज वर्षांत, याने त्याचं मोठेपण कमी होतं असं मला कधीच वाटलं नाही. जो एका पेशीतून गवत, हत्ती आणि दातांचे डॉक्टर काढतो, तो मातीचे पुतळे करणाऱ्यापेक्षा लहान कसा? हे धाकट्याला ठाऊक आहे. कॉलेजात असताना माझी पुस्तकं हाच वाचायचा. एकदा तर मला म्हणाला होता, "ताई, हे वाचून देवाला टाळ्या वाजवाव्याशा वाटतात." तोच हा.

सोमवार, ४ ऑगस्ट

मुख्याध्यापकांनी बोलावलं. माणूस भला आहे, पण कण्याच्या बाबतीत गांडुळाच्या वर्गातला. आधी चहा मागवला. चहा मागवला की समजावं, काहीतरी वाईट आहे.

"कमिटीच्या अध्यक्षांचा फोन होता," ते म्हणाले. अध्यक्ष म्हणजे दातांचे डॉक्टर. "धडा गाळा असं कुणी म्हणत नाही हो बाई. फक्त तो वर्गात न घेता मुलांना घरी वाचायला द्यावा, इतकंच."

"आणि परीक्षेत प्रश्न आला तर उत्तरही घरी जाऊन लिहायचं का?"

ते हसले. मी हसले नाही.

वर्गात गेले तर हाडांचा तक्ता गायब. मांजराचा पाय, वटवाघळाचा पंख, देवमाशाचं वल्हं आणि माणसाचा हात, चौघांतही तीच हाडं, त्याच क्रमाने. मी स्वतः रंगवला होता तो, आठवडाभर बसून. भिंतीवर फक्त टाचण्या शिल्लक. शिपायाला विचारलं तर म्हणाला, "वरून आदेश आहे." वरून म्हणजे किती वरून, ते त्याने सांगितलं नाही.

स्टाफरूममध्ये गणिताच्या बाई हळू आवाजात म्हणाल्या, "भावाचं मनाला लावून घेऊ नका. त्यांचं दुःख अजून ओलं आहे." मला हे पटलं नाही. दुःखाचा आणि उत्क्रांतीच्या धड्याचा काय संबंध? पिटुकलीला जाऊन पाच महिने झाले. दुःख मलाही आहे. म्हणून मी लोकांच्या पोटावर पाय देत फिरते का?

पिटुकली म्हणजे धाकट्याची मुलगी. सात महिन्यांची होती. तिला स्नायूंचा जन्मजात आजार होता. मान धरता आली नाही तिला कधी, आणि शेवटी शेवटी तर श्वास ओढण्याइतकाही जोर अंगात राहिला नव्हता. पण डोळे असे टकाटका फिरवायची की खोलीत कोण आलं, कोण गेलं, सगळ्याची नोंद तिच्याकडे. मी मांडीवर घेतलं की माझ्या चष्म्याकडे बघत बसायची.

हे मी इथे कशाला लिहितेय? विषय तो नाही. विषय शाळेचा आहे.

बुधवार, ६ ऑगस्ट

आज मधल्या सुट्टीत चर्चच्या मागच्या खोलीत जाऊन त्याला गाठलं. तो गीतांची पुस्तकं कपाटात लावत होता. माझ्याकडे पाठ.

मी म्हटलं, "तुला माझ्याबद्दल काही बोलायचं असेल तर घर आहे, फोन आहे. व्यासपीठ कशाला पाहिजे?"

"तुझ्याबद्दल नव्हतं ते, ताई."

"मग शाळेत जीवशास्त्र शिकवणारी दुसरी कुठली बाई आहे? मला तरी भेटली नाही ती."

तो पुस्तकं लावतच राहिला. मग एकदम म्हणाला, "नक्कल करताना चूक होते आणि त्या चुकीतून सगळं होतं. असंच शिकवतेस ना?"

मला वाटलं, चला, निदान मुद्द्यावर आला. मी नीट समजावून सांगितलं, अगदी वर्गात सांगते तसं. पेशी स्वतःची नक्कल काढते. नक्कल काढताना अधूनमधून एखादं अक्षर चुकतं. बहुतेक चुकांनी काही होत नाही, काहींनी बिघडतं, आणि क्वचित एखादी कामाला येते ती पुढे टिकते.

"आणि बिघडतं त्यांचं काय?"

"ते मागे पडतात."

"मागे पडतात," तो म्हणाला. हातातलं पुस्तक तसंच धरून उभा राहिला. "आणि ही पद्धत तुझ्या देवाने काढली?"

"माझ्या म्हणजे? आपल्या दोघांचा एकच आहे माझ्या माहितीप्रमाणे."

"मग तुझा तुझ्याकडे ठेव तो," तो म्हणाला आणि मला ओलांडून बाहेर निघून गेला. पुस्तक बाकावर उपडं टाकून.

मी त्याची बहीण. वडील गेले तेव्हा ह्याची फी मी शिकवण्या करून भरली. ह्याला सायकल मी शिकवली, प्रार्थना म्हणायला मी शिकवलं. आणि आता हा मला माझा देव परत करतोय, दुकानातून आणलेला माल पसंत पडला नाही तसा! दुपारी संतापाच्या भरात फळ्यावर पानाचा छेद काढला तो बटाट्यासारखा आला.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

धडा घेतला. वर्गातच घेतला, दार उघडं ठेवून, खणखणीत आवाजात. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'सक्षम तेच टिकतात.' वर्गाच्या खिडक्या चर्चच्या अंगणाकडे उघडतात. ऐकणाऱ्यांनी खुशाल ऐकावं.

मुलं छान ऐकत होती. शेवटी खिडकीजवळच्या मुलीने हात वर केला. "बाई, पण मग देव काय करत होता?"

"देवाने हे सगळं कसं केलं, तेच आपण शिकतोय."

ती खाली बसली. मग पुन्हा उठली. "आजारसुद्धा बाई?"

"काय?"

"म्हणजे आजारसुद्धा त्यानेच असे केले का? चुका होऊ देऊन?"

मी तिला म्हटलं, आगाऊपणा करायचा नाही, पुस्तक मीट आणि बस. चांगली मुलगी आहे, आगाऊ अजिबात नाही. मला इतकं चिडायला काय झालं, कळलं नाही. झोप कमी होतेय, त्याचंच असेल.

मंगळवार, १२ ऑगस्ट

आज कमिटीची बैठक झाली आणि मी जिंकले. सविस्तर लिहून ठेवते, कारण असे दिवस फार येत नाहीत.

लांब टेबल. मधोमध दातांचे डॉक्टर, बाजूला मुख्याध्यापक, मंडळीचे दोघं वडीलधारे, आणि टोकाला पाळक या नात्याने धाकटा. मला समोर एकटीला खुर्ची, जशी डॉक्टरांच्या दवाखान्यात असते तशी. फक्त तोंड उघडायला सांगायचं बाकी होतं.

डॉक्टर म्हणाले, "बाई, तुम्ही देवाची लेकरं असलेल्या मुलांना जनावरांच्या रांगेत बसवता, याचं आम्हांला वाईट वाटतं."

मी म्हटलं, "डॉक्टर, एक विचारू? तुम्ही दर आठवड्याला किती अक्कलदाढा उपटता?"

"त्याचा काय संबंध?"

"त्यांना जबड्यात जागा का नसते? देवाने माणूस आहे असाच एका दिवसात घडवला, तर दात जास्त आणि जबडा लहान असं माप चुकलं कसं? की पूर्वी जबडे मोठे होते आणि पिढ्यान्‌पिढ्या लहान होत गेले?"

एक वडीलधारे फसकन हसले आणि मग खोकल्याचं सोंग केलं. डॉक्टरांनी क्षणभर विचार केला. "पापामुळे," ते म्हणाले.

"दाढा पापामुळे वाकड्या येतात?"

"सगळंच बिघडलंय पापामुळे."

"मग तुम्ही पापमुक्तीची फी भलतीच जास्त घेता."

आता मुख्याध्यापकसुद्धा खाली बघून हसत होते. मी सुटलेच होते. डॉक्टरांनी विचारलं, "थोडक्यात सांगा, तुमच्या या धड्याचं सार काय?" मी म्हटलं, "दोन वाक्यांत सांगते. जीव नक्कल होत होत पुढे जातो आणि नकलेत चुका होतात. त्यातले सक्षम तेच टिकतात, बाकीचे गळतात. हे मी रचलेलं नाही, जग असंच चालतं."

तेव्हा धाकटा उठला. मला वाटलं, आता बोलेल, आणि मी तयारच होते. पण त्याने नुसती खुर्ची नीट आत सरकवली आणि गेला. काही उत्तरच नव्हतं त्याच्याकडे.

निर्णय पुढच्या आठवड्यावर ढकलला. पण जिंकले मीच. घरी येऊन आईला सगळं करून दाखवलं, डॉक्टरांच्या आवाजासकट. आई हसली नाही. "तो उठून गेला?" एवढंच विचारलं. मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

बुधवार, १३ ऑगस्ट

आज शाळा सुटल्यावर वहिनी आली. धाकट्याची बायको, वयाने माझ्याहून बरीच लहान, पण मी तिला वहिनीच म्हणते. चष्म्याच्या दुकानात काम करते. दुकानातून तशीच आली होती, गळ्यात ओळखपत्र. पाणी दिलं ते घेतलं नाही.

"काल तुम्ही त्याला काय म्हणालात?"

"त्याला काहीच म्हणाले नाही. मी कमिटीला..."

"सक्षम तेच टिकतात, बाकीचे गळतात. हे म्हणालात की नाही?"

"अगं, ते धड्यातलं वाक्य आहे."

"ताई, पिटुकली गेली तेव्हा हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी आम्हांला बसवून समजावलं होतं. कसं सांगितलं माहितीय? नक्कल करताना झालेली चूक. एक त्याच्याकडून आली, एक माझ्याकडून. दोन्ही एकत्र आल्या म्हणून ती तशी. हेच शब्द होते, ताई. तुमचेच. आणि तो काल घरी येऊन मला विचारतो, देवाने तिला तपासून नापास केलं का? ती गळाली का? मी काय सांगू त्याला?"

तिने न घेतलेला पाण्याचा पेला मी उचलून परत तिथेच ठेवला.

"तो पुलपिटावरून तुमच्याशी भांडत नव्हता. देवाने तिला स्वतःच्या हाताने घडवलं, ती चूक नव्हती, एवढंच त्याला ओरडून सांगायचं होतं. तुम्हांला मध्ये यायची इतकी घाई का होती?"

मग तिने दुसरं सांगितलं. तिला पुन्हा दिवस गेलेत. तिसरा महिना चालू आहे. पोटातल्या बाळाची तपासणी करता येते, डॉक्टर मागे लागलेत, कारण आधी कळलं तर जन्मल्या जन्मल्या औषध सुरू करता येतं. पिटुकलीच्या वेळी कळायलाच उशीर झाला होता. पण धाकटा तयार नाही. म्हणतो, देव घडवतोय, त्याच्या हातावर मी भिंग धरू?

"त्याच्याकडे एक शास्त्र आहे, तुमच्याकडे एक शास्त्र आहे," ती म्हणाली. "माझ्याकडे पोट आहे. तुम्ही दोघं आधी भांडून घ्या. मी थांबते."

दाराशी जाऊन वळली. "पाच महिने झाले. घर तिथंच आहे आमचं, कुंपणाच्या आत. शाळेतून चालत यायला काही लागत नाही."

ती गेल्यावर आई बाहेर आली. तिला सगळं माहीत होतं, दिवस गेल्याचंसुद्धा. मला का नाही सांगितलंस, विचारलं तर म्हणाली, "तू ऐकायला होतीस कुठे? तू बोलत होतीस."

गुरुवार, १४ ऑगस्ट

आज बाज्याचा सराव करायला म्हणून चर्चमध्ये गेले आणि वाजवलं काहीच नाही. रिकाम्या चर्चमध्ये बसून देवाशी भांडले. आवाज न काढता, पण दात आवळून.

मी आजवर काय बढाया मारत होते? केवढा मोठा देव, साडेतीन अब्ज वर्षांचा कारागीर! टाळ्या! आणि त्या साडेतीन अब्ज वर्षांत मागे पडलेल्यांचं काय? फळ्यावर लिहायला किती सोपं आहे, 'मागे पडतात'. कसे पडतात ते मी बघितलंय. हलक्या हाताने पाठीवर थापटावं लागायचं तिला, श्वास विसरू नये म्हणून. अशा किती पिटुकल्या लागल्या तुला, एक माणूस उभा करायला? आणि आम्ही त्याबद्दल दर रविवारी गाणी म्हणायची? मी ती वाजवायची?

धाकट्याचा देव तिला हाताने घडवतो, म्हणजे त्याने तसं हाताने केलं. माझा देव पद्धत लावून देतो आणि बाजूला होतो, म्हणजे त्याने तसं होऊ दिलं. मला सांग, यात दयाळू कोणता? मी जीवशास्त्राची बाई आहे, मला दोन्ही उत्तरांतला फरक कळतो. पण तिच्या मानेला त्याने काय फरक पडला असता?

त्या खिडकीजवळच्या मुलीने हेच विचारलं होतं. मी तिला गप्प बसवलं. उद्या झेंडावंदनानंतर वर्गात सगळ्यांसमोर सांगणार आहे, तुझा प्रश्न बरोबर होता, मला उत्तर येत नाही.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

झेंडावंदनानंतर मुलं वर्गात आली तेव्हा सांगितलं. ती म्हणाली, "चालेल, बाई." मुलं आपल्याला किती लवकर माफ करून टाकतात.

तिथून तशीच धाकट्याकडे गेले. तो पायजमा वर खोचून फरशी पुसत होता. वहिनीला वास सहन होत नाहीत म्हणून फिनेल न घालता, नुसत्या पाण्याने. खोलीत पाळणा अजून तिथेच आहे. त्यात घडी केलेले कपडे, मोठ्यांचे, इस्त्रीचे. मी उंबऱ्याशी थांबले, फरशी ओली होती.

"ये, आता पुसलीच आहे, परत पुसेन," तो म्हणाला.

मी म्हटलं, "ते वाक्य चुकीचं आहे. सक्षम म्हणजे चांगला नव्हे, लाडका नव्हे. जे तगलं त्याला मागाहून दिलेलं नाव आहे ते. निसर्ग कुणाला नापास करत नाही, तो परीक्षाच घेत नसतो."

"म्हणजे बघणारंच कुणी नव्हतं. हे ऐकून मला बरं वाटायला पाहिजे का?"

"मग काय पाहिजे तुला? त्याने हाताने घडवली असं म्हणायचंय? मग अशी का घडवली, हे विचारायची हिंमत कर."

"रोज विचारतो," तो ओरडला. बादली लवंडली. "रोज विचारतो, ताई! तू म्हणतेस तसं असेल तर ती वाया गेली. मी म्हणतो तसं असेल तर त्याने मुद्दाम केलं. कुठून बाहेर पडू, सांग ना. तू शिकलेली आहेस."

पाणी माझ्या चपलांपर्यंत आलं. मलाही राग आवरेना. कुणाचा, ते माहीत नाही. मी म्हटलं, "ते माप येशूला लावून बघ. ऐन जवानीत मेला. मूलबाळ नाही. मित्र पळून गेले. मान टाकली, श्वास पुरला नाही. त्या मापाने तोही मागेच पडलेला! देवाला त्या मापाची एवढी पर्वा असती तर तो असा आला असता का? मागे पडणाऱ्यांत येऊन बसला असता का?"

बोलून झाल्यावर मला कळलं मी काय बोलले. तोही फडकं हातात धरून उकिडवा बसून राहिला.

"हे तू वर्गात शिकवतेस?" त्याने विचारलं.

"हे वर्गात शिकवता येत नाही. हे तुझं काम आहे."

"मला जमत नाही."

"मग निदान माझं तरी करू दे मला!"

वहिनी आतून म्हणाली, "दोघांनी मिळून ते पाणी आधी टिपा." टिपलं. तो बादलीत फडकं पिळत होता आणि मी दुसऱ्या टोकाने पुसत येत होते. मधेच खाली बघूनच म्हणाला, "आणि तपासणीत पुन्हा तसंच निघालं तर?"

"तर या वेळी उशीर झालेला नसेल."

त्याने फडकं पुन्हा बुडवून पिळलं. निघताना पाळण्यातल्या कपड्यांवर हात ठेवला. इस्त्री अजून गरम होती.

रविवार, १७ ऑगस्ट

मी बाज्यावर बसले होते. धाकटा उभा राहिला, पवित्र शास्त्र उघडलं आणि मिटलं.

"मागे मी इथून जगाच्या उत्पत्तीबद्दल मोठमोठ्याने बोललो," तो म्हणाला. "जग कसं झालं, मला माहीत नाही. मी तिथे नव्हतो. माझी मुलगी कशी गेली ते मला माहीत आहे. तिथे मी होतो. तुम्ही सगळे म्हणालात, देवाची इच्छा. मीही म्हणालो. दर वेळी म्हणताना माझ्या तोंडात माती गेली. आज मी संदेश देणार नाही. आज मी त्याच्याशी भांडणार आहे. ज्यांना चालत नसेल त्यांनी बाहेर थांबावं."

आणि तो खरोखर भांडला. डोळे उघडे ठेवून, वर बघून. "तू तिला हाताने घडवलंस तर असं का घडवलंस, सांग. लाखो वर्षांच्या चुकांतून आणलीस तर त्या चुका तिच्याच वाट्याला का आल्या, सांग. ताईचं बरोबर असू दे नाहीतर माझं, उत्तर तुलाच द्यायचंय." असं बरंच. काही वाक्यं अर्धवट राहिली. दातांचे डॉक्टर मधेच उठून गेले, त्यांच्यामागे आणखी काही जण, चपला वाजवत. पुढच्या रांगेतल्या बायकांना या वेळी आत्मा वगैरे काही वाटलं नाही. त्या घाबरल्या होत्या.

तो थांबला. 'आमेन' म्हणालाच नाही. मला सुचेना, आता गीत कुठलं वाजवायचं. असल्या प्रार्थनेनंतरचं गीत आमच्याकडे नाही. तेवढ्यात आई उभी राहिली आणि भांडायला निघाल्यासारखी मोठ्याने म्हणाली, "आमेन!"

बाहेर पडताना कुणी आमच्याशी बोललं नाही. गणिताच्या बाईंनी तेवढा हात दाबला.

बुधवार, २० ऑगस्ट

कमिटीचा निर्णय आला. धडा राहील, पण शिकवतील खेळाचे सर, एका तासात, वाचून दाखवून. माझ्याकडून नववी-दहावी काढून सहावी दिली. फुलाचे भाग. धाकट्याला तीन महिने पुलपिटावर चढायला बंदी. मंडळीला "मनाने सावरलेला" पाळक पाहिजे म्हणे. सावरलेलाच होता तो इतके दिवस! त्यानेच तर सगळा घोळ झाला.

राजीनामा लिहायला घेतला होता. मग विचार केला, का देऊ? मी जावं हीच तर त्यांची इच्छा आहे. आणि फूल असं का झालं, भुंग्याने काय केलं, फळ कुणासाठी, हे सगळं सहावीला सांगताना मला कोण अडवतो ते बघते. तक्ता परत मागितला, तर म्हणे सापडत नाही. नवीन काढेन. या वेळी दुप्पट मोठा.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

तपासणीला गेलो. तोही आला. हो किंवा नाही असं काही म्हणाला नाही, सकाळी दाढी करून, बूट घालून दाराशी उभा. बाहेरच्या बाकावर बसून आम्ही दोघं आदामावरून कुजबुजत भांडलो. तो म्हणतो, एक तरी पहिला माणूस असलाच पाहिजे. मी म्हणते, पहिला असा कुणी नसतो, गर्दी असते. वहिनी सुई टोचून घेऊन बाहेर आली, पोटावर हात धरून, पांढरीफटक. म्हणाली, "मिटलं का तुमचं?" आम्ही दोघंही म्हणालो, "नाही."

शुक्रवार, ५ सप्टेंबर

निकाल आला.

डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं. बाळाला आजार नाही. चूक आहे, पण एकच. दोघांपैकी एकाकडून आली, दुसऱ्याकडून नाही. म्हणजे ते चूक घेऊन जगेल, धाकट्यासारखंच, वहिनीसारखंच. कदाचित माझ्यासारखं आणि आईसारखंही, आमची कुणी तपासणी केलेली नाही.

वहिनी टेबलावर डोकं ठेवून रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो आभाराचा नव्हता. मला राग आला. या वेळी वाचवलंस म्हणून आभार मानायचे, तर मागच्या वेळी काय करत होतास? आणि आभार मानले नाहीत, तर या येणाऱ्या जिवाचा काय गुन्हा? आनंद खूप झाला होता, आणि त्या आनंदाचाही राग येत होता.

बाहेर दवाखान्याच्या आवारात बाक होतं, त्यावर बसलो. माणसं येत-जात होती. कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि कुणीतरी ओरडून त्याला दिशा सांगत होतं. वहिनी म्हणाली, "काहीतरी म्हण ना. तू पाळक आहेस."

"पुलपिटावर बंदी आहे मला."

"हे बाक आहे."

त्याने डोळे मिटले नाहीत. हातही जोडले नाहीत, गुडघ्यांवर तसेच ठेवले. मग रोजच्या आवाजात म्हणाला, "प्रभू, हे येतंय त्याला आम्ही सांभाळू. तूही सांभाळ. पण पिटुकलीबद्दल मी तुला सोडलेलं नाही."

आणि थांबला. 'सोडलेलं नाही' म्हणजे त्याने नक्की कुठल्या अर्थाने म्हटलं, ते मी विचारलं नाही. वहिनी आमेन म्हणाली. मग मीही म्हटलं.